केमिकलचा शेअर ठेवायचा का काढायचा, सोलापुरात बसून कसं बघायचं

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, माझा केमिकलवाला शेअर चाळीस टक्के खाली गेलाय, ठेवू का काढू?" मी विचारलं कंपनी बनवते काय, तर म्हणे स्पेशालिटी केमिकल. म्हणलं स्पेशालिटी म्हणजे काय बे, स्पेशल कुल्फी आहे का ती? पुढं बोलायला काही नव्हतंच त्याच्याकडे. दोन वर्षं शेअर सांभाळला पण कंपनी बॉयलरमध्ये काय टाकते आणि पलीकडून काय काढते ते माहीत नाही. त्याला जे फोनवर तासभर सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो, कारण असे भाचे घरोघरी आहेत.

आधी माझी ओळख एवढीच की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायचा छोटा धंदा आहे, टॉवेलवाल्यांचं जॉबवर्क करतो, म्हणजे केमिकल कंपन्यांचा मी सगळ्यात शेवटचा गिऱ्हाईक. मी काही सल्लागार नाही, आणि खाली ज्या कंपन्यांची नावं येतील ती समजावून सांगायला आहेत, घ्या किंवा विका म्हणून नाही.

पहिलं काम म्हणजे एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा, कंपनी काय बनवते, कशापासून बनवते, घेतं कोण. बस. हे लिहिता येत नसेल तर बाकीचं काही बघू नका, आधी हेच शोधा. आपल्या गावातलंच उदाहरण घ्या, बालाजी अमाईन्स. तामलवाडीला आणि चिंचोळी एमआयडीसीत प्लांट आहेत, पुणे रोडनं किंवा तुळजापूरला जाताना सगळ्यांनी पाहिलेत. मिथेनॉल आणि अमोनियापासून मिथाईल अमाईन, अल्कोहोल आणि अमोनियापासून इथाईल अमाईन, आणि त्याच्यापासून पुढे डीएमएफसारखे (एक सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायचं द्रावण) माल. घेणारे म्हणजे औषधवाले, शेतीची औषधं बनवणारे, रंगवाले वगैरे. शिवाय ह्याच कंपनीनं गावात पंचतारांकित हॉटेल पण काढलं. लोकं हसतात, पण मुद्दा हा की ॲन्युअल रिपोर्टात सेगमेंटचं पान असतं, कुठल्या धंद्यात किती पैसा अडकलाय आणि कुठला किती कमावतो ते तिथं वेगळं दिलेलं असतं, ते पान वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही.

ही माहिती मिळवायला सगळ्यात सोपी जागा ॲन्युअल रिपोर्ट नाहीये, क्रेडिट रेटिंगचा रिपोर्ट आहे. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या साईटवर फुकट मिळतो, चार-पाच पानांचा असतो आणि बँकवाल्यांसाठी लिहिलेला असल्यामुळे त्यात गोडगोड बोलणं कमी असतं. कच्चा माल कुठून येतो, मोठे गिऱ्हाईक किती, कर्ज कधी फेडायचंय, धोका कशाचा, सरळ लिहिलेलं असतं. ॲन्युअल रिपोर्टात चेअरमन साहेबांच्या फोटोनंतर आधी वीस पानं झाडं लावल्याचीच असतात.

आता मेन गोष्ट. केमिकल कंपनीचा धंदा म्हणजे दोन भावांमधला फरक. कच्च्या मालाचा भाव आणि पक्क्या मालाचा भाव. आपल्याकडं चादरवाल्याला हे शिकवावं लागत नाही, सूत वाढलं आणि चाटी गल्लीत चादरीचा भाव तोच राहिला की त्या महिन्यात लूम चालवून पण हातात काही राहत नाही हे त्याला रात्री झोपेत उठवून विचारलं तरी सांगेल. पण तोच माणूस शेअर घेताना विक्री किती वाढली एवढंच बघतो.

आकडे घेऊन बघू, हे आकडे समजायसाठी मी धरलेले आहेत. माल १५० रुपये किलोनं विकतो, त्यात ९० रुपयांचा कच्चा माल जातो, वाफ, लाईट, पगार, भाडं मिळून ३५. राहिले २५. आता मालाचा भाव १३० झाला, कच्चा माल पण थोडा उतरून ८५ वर आला, खर्च तेवढाच ३५. राहिले १०. विक्रीचा भाव तेरा टक्केच पडला पण हातातला पैसा साठ टक्के गेला. आणि उलटं, भाव १९० झाला आणि कच्चा माल १००, तर राहिले ५५, म्हणजे दुपटीच्या वर. म्हणून केमिकलचा शेअर वर जाताना पाच पट जातो आणि खाली येताना पण तसाच येतो. बालाजी अमाईन्सचंच बघा, मार्च २०२० मध्ये तीनशेच्या खाली होता, २०२१ मध्ये पाच हजारांच्या वर गेला आणि नंतर दोन हजारांच्या पण खाली आला. प्लांट तोच, गेट तेच, रस्ता तोच.

हा फरक तुम्हाला घरबसल्या काढता येतो. तिमाही रिझल्टमध्ये विक्री असते, खाली कच्च्या मालाचा खर्च असतो आणि स्टॉकमधला बदल असतो. विक्रीतून हे दोन्ही वजा करा, विक्रीनं भागा, टक्के काढा, खाली मी मार्जिन म्हणतो ते हेच. असं एका तिमाहीचं नाही, पाच वर्षांच्या वीस तिमाहींचं काढायचं. स्क्रीनर नावाच्या साईटवर जुने आकडे मिळतात, वहीत एका खाली एक लिहा. मग कंपनीचा स्वभाव दिसतो. काही कंपन्यांत हा आकडा कायम ४५ ते ५० च्या मधे फिरतो, काहींत २५ वरून ५५ आणि परत २८. पहिली कंपनी गिऱ्हाईकाकडून वाढीव भाव वसूल करू शकते, म्हणजे तिच्यात काहीतरी आहे, फॉर्म्युला असेल, गिऱ्हाईकानं दोन वर्षं सॅम्पल तपासून मंजूर केलेला माल असेल. दुसरी कंपनी बाजार देईल तो भाव घेते. दुसरी वाईट असते असं नाही, पण ती कधी घ्यायची आणि कधी सोडायची याला महत्त्व आहे, आणि ती "पोराच्या लग्नापर्यंत ठेवतो" म्हणून ठेवायची वस्तू नाही. नावात स्पेशालिटी (म्हणजे ठरावीक कामासाठी बनवलेलं खास केमिकल) लिहिलंय का बघू नका, वीस तिमाहींचे आकडे बघा.

स्टॉकमधली एक गंमत लक्षात ठेवा. भाव चढत असताना गोडावूनमधला जुना स्वस्त माल वापरून नवीन महाग भावाला विकला जातो, त्यामुळे नफा फुगतो. भाव पडताना उलटं, महाग घेतलेला कच्चा माल आणि स्वस्त विक्री. त्यामुळे एखादी तिमाही लय भारी किंवा लय वाईट आली तर आधी भावाची दिशा बघायची, मग कंपनीला शिव्या द्यायच्या.

भाव कुठं बघायचे? केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाच्या साईटवर आयात-निर्यातीचे महिन्याचे आकडे असतात, एचएस कोड (आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला दिलेला नंबर) टाकायचा. सेंद्रिय केमिकल २९ व्या प्रकरणात, त्यात अमाईन २९२१ मध्ये, रंग ३२ व्या प्रकरणात ३२०४ मध्ये. किती माल आला आणि किती रुपयांचा आला, भागाकार केला की आयातीचा भाव हातात. आपल्या कंपनीचा कोड शोधायला अर्धा तास जातो, नंतर महिन्याला पाच मिनिटांचं काम. आयात वाढतेय आणि भाव पडतोय असं दोन्ही एकत्र दिसलं तर समजा बाहेरून माल ओतला जातोय.

बाहेरून म्हणजे बहुतेक चीन. मार्च २०१९ मध्ये चीनच्या जियांगसू प्रांतात शियांगशुईच्या केमिकल पार्कात मोठा स्फोट झाला, ७८ माणसं गेली, त्यानंतर तिथल्या सरकारनं त्या भागातल्या फॅक्टऱ्यांवर बडगा उगारला. तिकडचा माल अडला की इकडच्यांची चांदी होते. नंतर कोरोनात जहाजांची भाडी वाढली, माल मिळेना, सगळ्या जगानं गोडावून भरून ठेवली. मग २०२२ च्या शेवटापासून उलटी गंगा, गोडावून भरलेली असल्यामुळे कोणी घेईना, चीनचे नवे प्लांट चालू झालेले, त्यांच्या देशात मागणी कमी, मग माल बाहेर. २०२३ मध्ये आपल्याकडच्या बऱ्याच केमिकल कंपन्यांचा नफा पडला तो असा.

आणि आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हे सगळं ज्ञान तिथूनच आलंय. आम्ही टॉवेलच्या सुताला रिॲक्टिव्ह रंग वापरतो, त्यातला काळा जो असतो तो एच ॲसिड आणि व्हिनाईल सल्फोनवर बनतो, हे माल गुजरातेत वापी, अंकलेश्वर, अहमदाबाद त्या बाजूला बनतात. चांगल्या काळात माझा रंगाचा डीलर फोन उचलत नव्हता, म्हणायचा माल नाही, आधी पैसे टाका मग नंबर लावतो. मला वाटलं ह्या कंपन्या काय कमवत असतील राव, आणि एका रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घेतला, पीई (शेअरचा भाव वर्षाच्या शेअरमागच्या कमाईच्या किती पट ते) बघितला तर नऊ. नऊ! म्हणलं फुकटात मिळतोय. दोन-तीन महिन्यांनी तोच डीलर स्वतः दुकानावर आला, चहा पिला आणि म्हणाला माल ठेवून घ्या, पैसे नव्वद दिवसांनी द्या. मी खूश, उधारी मिळाली म्हणून. डोक्यात शिरलंच नाही की ज्या अर्थी हा उधार द्यायला तयार आहे त्या अर्थी वरती कंपनीच्या गोडावूनमध्ये माल साचलाय. एका खिशात उधारीचा फायदा घेत होतो आणि दुसऱ्या खिशातून त्याच्या दसपट घालवत होतो. शेअर साठ टक्के खाली आल्यावर काढला.

यातून दोन गोष्टी. एक म्हणजे पीई. किराणा किंवा साबणाच्या कंपनीत कमी पीई म्हणजे स्वस्त असेल, केमिकलमध्ये बऱ्याचदा उलटं असतं. समजा चांगल्या वर्षी शेअरमागे कमाई ८० रुपये आणि भाव १२००, पीई १५, स्वस्त दिसतो. दोन वर्षांनी कमाई २० वर आली, भाव ६००, पीई ३०, महाग दिसतो. पण घ्यायची वेळ बहुतेक दुसरीच असते. म्हणून एका वर्षाची कमाई धरू नका, सात-आठ वर्षांची सरासरी धरा, त्यात एक चांगलं आणि एक वाईट चक्र यायला पाहिजे, आणि त्या सरासरीवर आजचा भाव किती पट आहे ते बघा.

दुसरी गोष्ट उधारीची. सगळ्यांकडे रंगाचा डीलर नसतो पण ताळेबंदात ट्रेड रिसीव्हेबल्स म्हणून ओळ असते, म्हणजे गिऱ्हाईकांकडून यायची उधारी. विक्री वाढली नाही आणि ही ओळ वाढत चाललीय, सोबत इन्व्हेंटरी (गोडावूनमधला माल) पण वाढतेय, तर कंपनी माल ढकलतेय. नफ्याच्या आकड्यापेक्षा हे लवकर दिसतं. ताळेबंद सहा महिन्यांनी एकदा येतो, सप्टेंबर आणि मार्चचा, तेवढ्या दोन वेळा तरी बघा. आणि पाच वर्षांचा एकूण नफा एका बाजूला, पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड दुसऱ्या बाजूला, हे मांडा. नफा ५०० कोटी आणि रोकड २०० कोटी असं असेल तर बाकीचे ३०० कुठं बसलेत ते शोधल्याशिवाय शेअर हातात ठेवू नका.

आता आपल्या जिल्ह्याचा फायदा घ्यायचा मुद्दा. सोलापूर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा, आणि इथाईल अमाईन, इथाईल ॲसिटेट असल्या मालाला अल्कोहोल लागतं जे मळीतून, उसातून येतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायचं सरकारनं वाढवत नेलं तसं तेच अल्कोहोल केमिकलवाल्यांना पण पाहिजे आणि तेल कंपन्यांना पण. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, ऊस कमी म्हणून सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, मग थोडी ढील दिली, मग पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. हे सगळं आपण गाळपाच्या बातम्या म्हणून वाचतो, उसाला दर काय मिळणार म्हणून, पण ती केमिकलच्या शेअरची पण बातमी असते. मुंबईत एसीत बसलेल्या ॲनालिस्टपेक्षा माढ्याच्या ऊसवाल्याला ती आधी कळते, तेवढी तरी बढत वापरा. मिथेनॉलचं मात्र आपल्या हातात काही नाही, ते बहुतांश आखातातून आणि इराणकडून येतं, तिकडं गडबड झाली की भाव हलतो.

कंपनी नवीन प्लांट टाकत असेल तर वेगळं बघायचं. ताळेबंदात कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस (अर्धवट बांधलेल्या प्लांटवर झालेला खर्च) ही ओळ मोठी दिसते. प्लांट चालू होईपर्यंत नफातोट्यात त्याचा त्रास दिसत नाही, चालू झाला की घसारा आणि व्याज दोन्ही अंगावर येतात आणि माल मात्र हळूहळू विकला जातो, त्यामुळे पहिली तीन-चार तिमाही नफा पडलेला दिसतो आणि लोक घाबरून काढतात. हे चांगलं पण होऊ शकतं. दीपक नायट्राईटनं दहेजला दोन लाख टनांचा फिनॉलचा प्लांट २०१८ च्या शेवटी चालू केला, कंपनीच्या मानानं तो डोंगराएवढा खर्च होता, पण देशात फिनॉल मोठ्या प्रमाणात बाहेरून येत होतं, गिऱ्हाईक तयार होतं, आणि त्या प्लांटनं कंपनी बदलून टाकली. म्हणून विचारायचा प्रश्न असा की नवीन माल आज देशात कोण घेतोय आणि कुठून घेतोय. आयात बंद करून विकायचा असेल तर ठीक. पण अजून तीन कंपन्या तोच माल तेवढाच टाकायला निघाल्या असतील तर दोन वर्षांनी चौघं मिळून भाव पाडणार. कांद्यासारखंच आहे हे, एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळा तालुका कांदा लावतो.

कर्जाचं थोडक्यात. वाईट वर्षाच्या नफ्यातून, चांगल्या नाही, व्याज किमान तीन वेळा भरता येतंय का बघा. केमिकलमध्ये मंदी दोन-तीन वर्षं चालते, कर्ज नसलेला माणूस बसून राहतो, कर्जवाल्याला त्याच मंदीत प्लांट नाहीतर शेअर विकावे लागतात. प्रमोटरनं शेअर गहाण ठेवलेत का ते दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंगमध्ये असतं, गहाण वाढत असेल तर मी पुढं वाचतच नाही.

प्रदूषणाचं लोक सोडून देतात. केमिकलचा प्लांट उद्या बंद पडू शकतो तो गिऱ्हाईक नाही म्हणून नाही, तर प्रदूषण मंडळाची नोटीस आली म्हणून. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर कंपनीची पर्यावरण मंजुरी शोधा, कुठला माल किती टन बनवायची परवानगी आहे ते कलमवार लिहिलेलं असतं. मॅनेजमेंट रिझल्टनंतरच्या गुंतवणूकदारांच्या कॉलवर म्हणतंय पुढच्या वर्षी दुप्पट करू आणि मंजुरीचा अर्जच पडून आहे, असं असलं तर ते दुप्पट काही पुढच्या वर्षी होत नाही. ॲन्युअल रिपोर्टात कंटिन्जंट लायबिलिटीच्या (पुढं कदाचित द्यावे लागतील असे पैसे) टिपेत एनजीटी म्हणजे हरित लवाद किंवा मंडळाचे दावे असतात, ते पण वाचा. आणि पाणी. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या गावच्या माणसाला सांगायला नको, उजनी धरणाची पातळी मायनसमध्ये गेली की काय होतं. पाणी परत वापरायची सोय, झिरो डिस्चार्ज (सांडपाणी बाहेर न सोडणं) वगैरे आहे का, हा कारखाना चालू राहण्याचा प्रश्न आहे.

अँटी डंपिंग ड्युटीच्या (बाहेरून पडत्या भावात ओतलेल्या मालावरचा जादा कर) बातमीवर उड्या मारू नका. वाणिज्य मंत्रालयाचं डीजीटीआर खातं शिफारस करतं, लावायची का नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि शिफारस होऊन पण न लागल्याची उदाहरणं आहेत. लागली तरी साधारण पाच वर्षांची मुदत असते. नफा ड्युटीवरच उभा असेल तर मुदत कधी संपते ती तारीख कागदावर लिहून ठेवा.

मग ठरवायचं कसं, ठेवायचा का काढायचा? माझी पद्धत अशी की तोच माल बनवणारी दुसरी कंपनी शोधायची आणि दोघींचे मार्जिनचे आकडे शेजारी लिहायचे. अमाईनमध्ये बालाजी आणि अल्काईल अमाईन्स अशी जोडी आहे, २०२१ ला दोन्ही शेअर सोबत चढले, पुढं सोबत उतरले. दोघींचं मार्जिन एकत्र पडलं असेल तर तो बाजाराचा ताप आहे, कर्ज कमी असेल आणि धंद्यातून रोकड येत असेल तर थांबता येतं. पण शेजारची सावरली आणि आपलीच खाली राहिली, तर आजार घरातला आहे, आणि मग "माझा खरेदीभाव आला की काढतो" म्हणून बसणं म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनवर बसणं. तुमचा खरेदीभाव कंपनीला माहीत नसतो.

काढायचाच असेल तर टॅक्स बघून काढा. बारा महिन्यांच्या वर ठेवलेल्या शेअरवर सव्वा लाखापुढच्या नफ्याला १२.५ टक्के, त्याच्या आत विकला तर २० टक्के, २३ जुलै २०२४ पासूनचे दर. तोट्यात काढत असाल तर रिटर्न वेळेत भरा, तो तोटा पुढे आठ वर्षं भांडवली नफ्यातून वळता करता येतो. माझ्या त्या रंगवाल्या शेअरनं शेवटी एवढं एकच काम केलं.

भाच्याला हे सगळं करायला लावलं, रविवारी घरी बोलावून, शेंगाचटणी-भाकरी खाऊन झाल्यावर वही घेऊन बसलो. त्याच्या कंपनीचं मार्जिन शेजारच्या दोन कंपन्यांसोबतच पडलेलं निघालं, कर्ज नाहीच्या बरोबर, पण उधारी सहा महिन्यांत बरीच वाढलेली. म्हणलं अर्धा काढ, अर्धा ठेव, डिसेंबर तिमाहीचा रिझल्ट १४ फेब्रुवारीच्या आत येईल. त्यात ताळेबंद नसतो म्हणून कॉलमध्ये उधारीबद्दल कोण विचारतं का ते ऐक, आणि मार्चचा आला की आधी तीच ओळ बघ. तो म्हणाला, "मामा, तोपर्यंत भाव बघू का रोज?" म्हणलं बघ की, पण वहीत लिहू नको.